ताटाची डावी बाजू

आई,

तुम्ही गेल्यापासून भेटायला येणारं प्रत्येक माणूस मला एकच विचारतं, शेवटी काही बोलल्या का? मी सांगते, पाणी मागितलं, दोन घोट प्यायल्या आणि डोळे मिटले. ऐकून लोकांना बरं वाटतं. सोनं झालं म्हणतात, चहा घेतात आणि उठतात. मी काही बोलले का, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलं असतं तर मला खोटं बोलावं लागलं असतं. परवा तुमचं तेरावं झालं, पाहुणे गेले, म्हणून आज लिहायला बसलेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मास्तरीनबाईंना तोंडानं सांगता येत नाय, वही लागते." खरंच लागते.

बावीस वर्षांपूर्वी मी साताऱ्याहून तुमच्या या खाडीकाठच्या गावात सून म्हणून आले, तेव्हा पहिलं वर्ष आपण दोघी फक्त स्वयंपाकघरात भांडलो. तुमच्या प्रत्येक पदार्थात ओलं खोबरं, माझ्या प्रत्येक पदार्थात शेंगदाण्याचं कूट. तुम्हाला माझी आमटी जहाल लागायची, मला तुमचं कालवण मिळमिळीत. तुमचा मुलगा दोन्ही वाट्या संपवायचा आणि कोणाचं चांगलं झालंय हे विचारलं की पेपर उघडायचा. मग एके दिवशी तुम्ही एक रिकामं ताट माझ्यासमोर ठेवलंत आणि मधोमध बोट फिरवलंत. "ही उजवी बाजू माझी. भाजी, कालवन, बिरडं. ही डावी बाजू तुझी. चटनी, लोनचं, कोशिंबीर. भात कोनीपन लावा. मी तुझ्यात बोलनार नाय, तू माझ्यात बोलायचं नाय."

घरात त्या दिवसापासून शांतता झाली. बावीस वर्षांत तुम्ही माझ्या डाव्या बाजूचं एकदाही तोंडभरून कौतुक केलं नाहीत. पण माझ्या हिरव्या मिरचीच्या ठेच्याची वाटी तुमच्या ताटात कधी उरली नाही. तो ठेचा माझ्या आईचा. ती दगडी खलात कुटायची तसाच मी कुटते. तुम्ही घाम पुसत खायचात आणि म्हणायचात, "मारायला बसलीय ही मला." मला ते पुरायचं.

आता बरणीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं काहीच कळायचं नाही.

माझी आई गेली तेव्हा माहेराहून मी एकच वस्तू आणली. लोणच्याची पांढरी, तपकिरी गळ्याची बरणी. आपल्या शेजारच्या वाडीतल्या आग्नेसमावशींकडे भाचीचं लग्न होतं आणि जेवणावळीच्या लोणच्याला मोठं भांडं हवं होतं. मी माणिकपूरला शाळेत होते. तुम्ही बरणी रिकामी केलीत, धुतलीत आणि देऊन टाकलीत. शेजारधर्म म्हणून. आठ दिवसांनी ती परत आली तेव्हा गळ्यापासून पोटापर्यंत तडा गेलेला होता. आग्नेसमावशी बिचारी रडवेली झाली होती. मी तिला काही बोलले नाही. जे बोलायचं ते सगळं तुम्हाला बोलले. माझी आई तुमच्या लेखी कोणी नव्हतीच, असंही बोलले. तुम्ही बराच वेळ ऐकून घेतलंत. मग एकच वाक्य बोललात, "बरं. आजपासून तुझ्या बाजूला मी हात लावनार नाय."

आणि तुम्ही शब्द पाळलात. त्या दिवसापासून जेवायला बसलात की डावीकडची चटणी, लोणचं काढून मुलाच्या ताटात सरकवायचात. आपला अबोला सुरू झाला. असे अबोले आधीही झाले होते, दोनचार दिवसांत विरायचे. हा दहाव्या दिवसापर्यंत चालला. दहाव्या दिवशी सकाळी पडवीत तुम्ही चहा पीत होतात आणि डाव्या हातातली बशी खाली पडली. मी आतूनच म्हटलं, आता बशीसुद्धा फोडा. बाहेर आले तर तुमचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं.

दवाखान्यात सांगितलं, मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी झाली, म्हणून डाव्या अंगावर परिणाम झालाय. अकरा दिवसांनी तुम्ही घरी आलात. हात हलत होता, पण जोर नव्हता. पाय ओढत का होईना, धरून चालत होतात. बोलणं स्वच्छ होतं. विहिरीवरच्या पंपाची चावी कुठे आहे, केळीच्या कुठल्या घडाला पोतं बांधायचं राहिलंय, सगळं तुम्हाला पाठ होतं. आम्ही देवापुढे पेढे ठेवले. थोडक्यात निभावलं म्हणालो.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी मी हौसेनं ताट वाढलं. झालं गेलं विसरून ठेचा कुटला, काकडीची कोशिंबीर केली, लिंबाची फोड ठेवली. तुमच्या बाजूचं वालाचं बिरडंही मीच केलं, तुमच्यासारखं, खोबरं घालून. तुम्ही बिरडं खाल्लंत, कालवण खाल्लंत, भात खाल्लात आणि हात धुवायला पाणी मागितलंत. डाव्या बाजूच्या एकाही पदार्थाला तुमचं बोट लागलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पूर्वी निदान उचलून मुलाच्या ताटात तरी टाकायचात. आता बघतसुद्धा नव्हतात.

भातही निम्माच राहायचा, आई. मधोमध चाकूनं कापावा तसा, उजवीकडचा संपलेला, डावीकडचा तसाच. रोज ते ताट मी घासायला उचलत होते. रोज बघत होते. म्हटलं, आजारपणानं भूक कमी झालीय.

एकदा तांदूळ निवडायला सूप मांडीवर घेऊन बसलात. उजव्या बाजूचा खडान् खडा वेचलात आणि सूप माझ्याकडे दिलंत, झालं म्हणून. डावीकडे खडे, तूस, सगळं जसंच्या तसं. मला वाटलं, इथेही तेच? माझ्या वाटणीचं मी निवडायचं? वर्गातल्या एखाद्या मुलीनं वहीच्या पानाची एकच बाजू लिहिली असती तर मी दुसऱ्या दिवशी तिच्या आईला बोलावून घेतलं असतं. डोळे तपासा म्हटलं असतं. घरात मला तसं काही सुचलं नाही. कारण घरातल्या डाव्या बाजूचा अर्थ मला आधीच ठाऊक होता. तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगितला होता.

मग मी जे केलं ते परवापर्यंत तुमच्या मुलालाही सांगितलं नव्हतं. मी तुमच्या ताटाची डावी बाजू वाढणंच बंद केलं. नकोय ना, मग नाही. पाच दिवस तुमचं अर्धं ताट कोरं होतं. आजारी माणसाच्या ताटात मी मीठसुद्धा ठेवलं नाही. तुम्ही त्यावरही अवाक्षर काढलं नाहीत. मी मनात म्हटलं, बघा, किती हट्टी बाई आहे.

सहाव्या दिवशी रविवार होता. सकाळी ताट घासताना मला माझ्या आईची आठवण आली. तिच्या शेवटच्या आजारात माझी भावजय तिला असं वाढत असती तर मी काय केलं असतं, असा विचार आला आणि माझी मलाच लाज वाटली. तशीच ओल्या हातांनी तुमच्या खोलीत आले. तुमची खाट खिडकीला लावलेली होती, खिडकी तुमच्या उजव्या हाताला. पाहुण्यांची खुर्ची दाराकडच्या बाजूला, म्हणजे डावीकडे. त्या खुर्चीत बसून मी सगळं बोलले. आई, चुकले. बरणीपेक्षा तुम्ही मोठ्या. माझी आई तुमच्या लेखी कोणी नव्हती असं म्हणाले ते खोटं होतं, ती गेली तेव्हा माझ्यासाठी साताऱ्यापर्यंत एसटीनं आलेल्या तुम्हीच होतात. पाच दिवस मी तुम्हाला अर्धं ताट वाढलं, ते माझ्या हातून पुन्हा होणार नाही. मी रडत होते आणि तुम्ही खिडकीबाहेर केळी बघत होतात. मान एकदाही वळली नाही. मी थांबले, वाट पाहिली, मग उठले. दारातून जाताना मनात म्हटलं, दगड आहे, दगड.

त्या संध्याकाळी तुम्ही मुलाला विचारलंत, "सकाळी घरात कोन रडत होतं रे? सुनेला विचार जरा, तिला काय झालंय का. जेवली का बघ." त्यानं मला हे तेव्हा सांगितलं नाही. सासू-सुनेच्या मध्ये पडायचं नाही हे त्याचं धोरण तुम्हाला माहीतच आहे. सांगितलं ते दोन महिन्यांनी, जेव्हा त्याचा उपयोग फक्त मला रडवण्यापुरता उरला होता.

स्नेहल आली आणि मग उलगडलं. ती विरारची, हाताचे व्यायाम करून घ्यायला स्कूटरवरून यायची. पंचविशीची पोर, पण नजर पक्की. त्या दिवशी तिला यायला उशीर झाला आणि तुम्ही जेवत होतात. डावी बाजू मी पुन्हा वाढायला लागले होते, तुम्ही खात नव्हतात, आणि मी आता रागावतही नव्हते, नुसती वाढत होते. स्नेहल दारात उभी राहून पाच मिनिटं तुमच्याकडे बघत राहिली. "आजी, झालं जेवण?" तुम्ही म्हणालात, झालं. ती पुढे आली, खाली बसली, आणि तुमचं ताट दोन्ही हातांनी धरून अर्धं फिरवलं.

तुमचा तो चेहरा मी विसरणार नाही. "अगो बाय, ठेचा!" म्हणालात. पुढचा शब्द बोलायच्या आत बोट वाटीत गेलं. कोशिंबीर खाल्लीत, राहिलेला भात खाल्लात, लिंबाची फोड चोखलीत. मग माझ्याकडे बघून लहान पोरीसारखं तोंड केलंत. "इतके दिवस का नाय वाढलास? मला वाटलं, बरनीचा राग अजून गेला नाय तुझा. म्हनून गप बसले. म्हटलं, चूक माझीच हाय, किती दिवस उपाशी ठेवील?"

आई, मी तिथून उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. अडीच महिने मी समजत होते की तुम्ही माझं खात नाही. अडीच महिने तुम्ही समजत होतात की मी तुम्हाला वाढत नाही. आणि दोघींच्या मध्ये ते ताट भरलेलं असायचं.

स्नेहलनं मला मग ओट्याजवळ उभं करून समजावलं. डोळ्यांना काही झालेलं नाही, म्हणाली. डोळे सगळं बघतात. पण डावीकडे लक्ष देणारा मेंदूचा जो भाग असतो, त्यालाच इजा झालीय. त्यामुळे त्यांच्यासाठी डावी बाजू नाहीच. मी म्हटलं, पण मग त्यांना कळत कसं नाही की अर्धं दिसत नाहीये? तिनं विचारलं, "बाई, तुमच्या पाठीमागचं तुम्हाला आत्ता दिसत नाही. पण तिथे काही कमी आहे असं वाटतंय का?" मी शिक्षिका आहे, पण इतकं सोपं करून मी कोणाला काही शिकवलेलं मला आठवत नाही. ती म्हणाली, डावीकडून कोणी बोललं तर आवाज येतो, पण कुठून, कोणाचा, ते लागत नाही. कधी त्या उजवीकडेच शोधतील. मला ती खुर्ची आठवली. पाहुण्यांशी तुम्ही आताशा धड बोलत नाही, असा गावभर बोभाटा झाला होता तोही आठवला. आम्ही सगळ्यांना तिथेच बसवत होतो.

त्या दिवशी खुर्ची उचलून मी खिडकीच्या बाजूला ठेवली. खाट ओढून जागा केली. ती अजून तिथेच आहे.

पुढचं सव्वा वर्ष मी तुमची डावी बाजू शोधायला शिकले. स्नेहलनं सांगितलं होतं, आधी त्यांना स्वतःला शोधू द्या, नाहीच जमलं तर मग ताट फिरवा. तुमच्या डाव्या मनगटाला मी लाल लोकर बांधली. जेवताना म्हणायचे, "आई, लाल लोकर कुठाय?" तुम्ही मान वळवत वळवत जायचात, मध्येच कंटाळून परत यायचात. "नाय तुझी लोकर. चोरली कोनीतरी." एखाद्या दिवशी सापडली की एवढ्या खूश व्हायचात. बहुतेक दिवशी अर्धं जेवण झालं की मी मुकाट ताट फिरवायचे आणि तुम्ही म्हणायचात, "हे कवा आनलंस?" रोज तुम्हाला दुसऱ्यांदा वाढल्यासारखं वाटायचं.

पेपरच्या ओळीचा उजवीकडचा अर्धा भागच तुम्ही वाचायचात. "हल्ली पेपरवाले काय वाटेल ते लिहितात," म्हणायचात. दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटायचा आणि तुम्ही चौकटीला शिव्या घालायचात. वेणी घातलीत तर उजवीकडचे केस चोपून बसलेले, डावीकडचे मोकळे. मी मुद्दाम सांगितलं की चिडायचात. "मला काय झालंय? तुम्हीच सगळी एका बाजूला लपून बसता."

मी काही देवी झाले नव्हते, हेही लिहून ठेवते. शाळेतून थकून आल्यावर मी तुमच्यावर ओरडलेय. एकदा तर, सांगून सांगून कळत नाही का, असं म्हणून हातातली वाटी आपटलीय. कळत नाही हाच आजार होता, हे मला तोंडपाठ होतं आणि तरी मी विसरायचे. पण काकी येऊन म्हणाल्या, "नाटकं आहेत जावेची, हवं तेवढं बरोबर दिसतं," तेव्हा मी काकींना अंगणातच धरलं. ताट आणून दाखवलं, सूप आणून दाखवलं, मेंदूचं चित्र काढून दाखवलं. काकी म्हणाल्या, "पुरे गो बाई, पटलं." सासूच्या बाजूनं भांडणारी सून वाडीत बहुतेकांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. तुम्ही आतून सगळं ऐकत होतात. नंतर म्हणालात, "जोरात बोलतेस. वर्ग हाय का हा?"

बरणीचं मी तुमच्याशी पुन्हा बोललेच नाही. आपलं सगळं सुरळीत चाललं होतं, मग जुनं कशाला उकरायचं, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. त्या पाच दिवसांत ताट खरंच कोरं होतं, ते तुम्हाला माहीत नव्हतं. तुमच्या लेखी ते अडीच महिने सारखेच होते. पाच दिवसांचं वेगळं सांगायचं तर मला ते पुन्हा कबूल करावं लागलं असतं, या वेळी तुमच्या डोळ्यांसमोर.

या पावसाळ्याच्या शेवटी एक दुपार आली. तुम्ही पडवीत आरामखुर्चीत होतात, मी तुमच्या उजवीकडे वह्या तपासत होते. तुम्ही एकदम खाली बघून म्हणालात, "हा कोनाचा हात हाय माझ्या मांडीवर?"

तो तुमचाच डावा हात होता. तुमच्याच मांडीवर पडलेला. असं होऊ शकतं हे स्नेहलनं सांगून ठेवलं होतं, हळूच समजवा म्हणाली होती. मी दोनदा समजावलंही. आई, तुमचाच आहे. तुम्ही घाबऱ्याघुबऱ्या झालात. "माझा नाय. माझा हा इथे हाय," आणि उजवा वर करून दाखवलात. मला तुमची ती भीती बघवेना. मी म्हटलं, "माझा आहे आई. असू दे."

तुम्ही शांत झालात. आणि मग तुमच्या उजव्या हातानं तो हात उचलून धरलात, दोन्ही बाजूंनी चोळलात. "किती गार पडलाय गो," म्हणालात. "शाळा, घर, वाडी, माझं दुखनं. राबतेस नुसती." मी लाल पेन हातात धरून बसून राहिले. तुम्ही त्या हाताच्या बोटांवरून बोटं फिरवत होतात, नखं बघत होतात. मग त्या हाताकडे बघतच म्हणालात, "तुझ्या आयशीची वस्तू होती. मी विचारून द्यायला पायजे होती. मनात धरू नको."

बावीस वर्षांत तुम्ही माझा हात असा कधी धरला नव्हता. तेव्हाही धरलेला तुमचाच होता, माझे दोन्ही हात वहीवर होते. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी तुमच्या योग्य बाजूला बसले होते, तुम्ही शुद्धीत होतात, विषय तुम्हीच काढला होतात. आई, चुकले मी, एवढे तीन शब्द. मी म्हटलं, "चहा टाकू का?" तुम्ही म्हणालात, टाक.

नंतर बोलू म्हटलं. दिवाळी झाली की बोलू. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या झटक्यानं तुमचं बोलणंच नेलं, आणि चार दिवसांत तुम्हाला. त्या चार दिवसांत एकदाच ओठ हलले ते पाण्यासाठी. मी उजव्या बाजूनं चमच्यानं पाजलं. तेवढं मात्र चुकले नाही.

तुम्ही गेल्यावर फडताळ आवरताना बरणी सापडली. तुम्ही ती टाकून दिलीत असं मी समजत होते. तड्यावरून पांढऱ्या सिमेंटची जाड रेघ ओढलेली होती, बोटांच्या खुणा राहिलेली, आणि आत खडेमीठ भरलेलं. आग्नेसमावशी म्हणाली, झटका यायच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही तिच्याकडच्या गवंड्याकडून मूठभर सिमेंट मागून नेलं होतं. अबोला चालू असताना, म्हणजे. मला काही न सांगता. लोणचं राहणार नाही, पण मीठ राहील, असं तुम्ही तिला म्हणाला होतात.

परवा तेराव्याला तुमच्या फोटोपुढे ताट मी वाढलं. पहिलं मीठ, त्या बरणीतलं. मग लिंबू, कोशिंबीर, लोणचं. काकी म्हणाल्या, आजच्या ताटात लसणाचा ठेचा चालत नाही. मी वाढला. मग उजवीकडे तुमचं सगळं, बिरडं, भाजी, आमटी, मध्ये भात, त्यावर वरण आणि तूप. सगळ्यांनी नमस्कार केला. गुरुजी म्हणाले, थोडा वेळ ताट तसंच राहू द्या, आणि लोक पंगतीच्या तयारीला उठले. मी उठले नाही. तुमच्यासमोर बसून राहिले. तुम्हाला अर्धं जेवायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ गेला असं वाटलं तेव्हा मी दोन्ही हातांनी ताट धरलं आणि अर्धं फिरवलं.

काकी मागेच होत्या. "अगो, वाढलेलं ताट हलवू नये. कशाला फिरवलंस?"

तुमचा मुलगा पंगतीत पानं मांडत होता. बावीस वर्षांत आपल्या दोघींच्या मध्ये एक शब्द न बोललेला माणूस. तो तिथूनच म्हणाला, "काकी, आईचं अर्धं जेवण झालंय. आता ती बाजू जेवेल."

मग मी फोटोच्या उजव्या बाजूला सरकले. तुमच्या उजव्या. आणि त्या रविवारी खुर्चीत बसून जे बोलले होते, ते पहिल्यापासून सगळं पुन्हा बोलले. बरणीचं बोलले, माझ्या आईचं बोलले, पाच दिवसांच्या कोऱ्या ताटाचं बोलले. काकींनी ऐकलं, त्यानं ऐकलं, दारात उभ्या असलेल्या आग्नेसमावशींनीही ऐकलं. ऐकू दे. बोलून झालं आणि सवयीनं मी थांबले, तुमची मान वळते का बघायला.